बाबाचा डावा डोळा

कॅमेरा चालू असताना डावा डोळा मिटायचा नाही, हा बाबाच्या कामातला पहिला नियम होता. उजवा डोळा कॅमेऱ्याच्या रबरी खाचेला चिकटलेला आणि डावा सताड उघडा. उजव्याला फक्त चौकटीतलं दिसतं. चौकटीबाहेरून कुणी धावत आलं, कुणाचा तोल गेला, कुणी हळूच चप्पल काढून हातात घेतली, तर ते डाव्याला आधी कळतं. एक डोळा मिटून शूटिंग करतो तो लग्नातला हौशी काका, असं बाबा म्हणायचा.

बाबा काही हौशी काका नव्हता. शहरातल्या सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्या बातम्यांच्या चॅनेलचा तो सतरा वर्षं जुना कॅमेरामन होता. कॅमेरा वाहून वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. त्याच्या थोरल्या लेकीला त्या खांद्याचा इतका अभिमान, की वडील काय करतात असं कुणी विचारलं की ती आधी खांदा वाकडा करून दाखवायची आणि मग उत्तर द्यायची.

लेक नववीत. बाबा तिला वकीलसाहेब म्हणायचा, फक्त घरात आणि तेही लाडात आला की, कारण ती सकाळच्या गजराशीसुद्धा वाद घालायची. हे वाद घालणं तसं नवीनच होतं. आठवीपर्यंत तिचा आवाज इतका बारीक होता की बाई म्हणायच्या, अगं वर्गाला नको, निदान बाकाला तरी ऐकू दे. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी ठरलेली मुलगी तापानं आडवी झाली आणि हिला ऐनवेळी स्टेजवर ढकललं गेलं. काय बोलली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं, पण दुसरा नंबर घेऊन घरी आली. तेव्हापासून तिच्या तोंडाला ब्रेकच उरला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी बाबाबरोबर जायला मिळालं तर तिचं काम ठरलेलं असायचं. एक पांढराशुभ्र कागद हनुवटीखाली धरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. कॅमेऱ्याला अक्कल नसते, बाबा सांगायचा, त्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, नाहीतर पिवळ्या दिव्याखाली तो पिवळ्यालाच पांढरं समजून बसतो. "पांढरं दाखव," असं बाबा म्हणाला की ती पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखा चेहरा करून कागद धरायची आणि बाबा खाचेमागून हसायचा.

आईला या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची, त्यामुळे संध्याकाळी बातम्या ती बसूनच ऐकायची, बघायची नाही. पडद्यावर कुणी नेता डोळे पुसू लागला की भाजी निवडता निवडता म्हणायची, कांदा कुठल्या खिशात आहे तेवढं बघ गं. वकीलसाहेब लगेच उसळायच्या. कॅमेरा खोटं बोलत नाही, बोलतात ती माणसं, असं त्यांचं म्हणणं. यावर बाबा पाय पुढे करून मोजे काढत बसायचा.

तर त्या वर्षी शाळेवर संकट आलं. मुलं कमी झाली म्हणून सुट्टीनंतर शाळा बंद, सगळ्यांनी पलीकडच्या मोठ्या शाळेत जावं, अशी नोटीस फळ्यावर लागली. पलीकडची म्हणजे आठपदरी रस्त्याच्या पलीकडची. तिथे ना सिग्नल होता ना पूल. मधल्या दुभाजकाला कुणीतरी कधीतरी फोडून केलेलं एक भगदाड होतं, त्यातून माणसं वाकून जायची. शाळेचे शिपाईमामा मागच्या वर्षी तिथेच एका टेम्पोच्या धक्क्यानं पडले होते आणि अजून काठी घेऊन चालत होते. मामा धट्टेकट्टे, तरी ही गत. वकीलसाहेबांची धाकटी बहीण दुसरीत होती. गालात कायम काहीतरी कोंबलेलं असायचं म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. खारूचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असायचं, आणि ती गोष्ट सहसा रस्ता नसायची.

आई दिवसभर दुकानात, बाबाचा पत्ता नाही, म्हणजे खारूचा हात धरून तो रस्ता कुणी पार करायचा, ते सांगायला नको. आणि वकीलसाहेबांचे तास दुपारी उशिरापर्यंत, खारूचे लवकर सुटणारे. येताना खारू एकटी.

आणि तेवढ्यात बातमी आली की साहेब शाळेत येणार. साहेब म्हणजे सगळ्यात वरचे नेते. निवडणूक तोंडावर आली होती आणि साहेबांना मुलांशी मनमोकळ्या गप्पा मारायच्या होत्या. बंद होणाऱ्या शाळेतच का, असा प्रश्न मोठ्या बाईंनाही पडला होता. त्याचं उत्तर बाबाकडे होतं. सभागृहाच्या खिडक्या पूर्वेला आहेत, सकाळचं ऊन फुकट मिळतं, तो म्हणाला, चेहरे सोन्यासारखे दिसतात.

मनमोकळ्या गप्पांसाठी बारा प्रश्न छापून आले. जाड, गुळगुळीत कार्डांवर. ते घेऊन येणारा माणूस साहेबांच्या प्रसिद्धीचं काम बघायचा. वकीलसाहेबांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी कार्डवाला ठेवून टाकलं. तिच्या वाट्याला आलं ते कार्ड असं होतं: साहेब, लहानपणी तुम्हाला कोणता खेळ आवडायचा? ती घरी येऊन इतकी हसली की खारूला ठसका लागला. मग हसू थांबलं आणि ती गंभीरपणे म्हणाली, मी दुसरंच विचारणार आहे. रस्त्याचं.

आई म्हणाली, विचार आणि घरी ये, म्हणजे झालं. बाबानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

"विचार बिनधास्त. कॅमेऱ्यामागं मी आहे ना."

हे वाक्य तिनं पुढचे तीन दिवस चॉकलेटासारखं पुरवून पुरवून खाल्लं.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलांना सकाळी आठलाच बोलावलं. दारात एक टोपली होती. शिस्त म्हणून मुलांचे, बाईंचे, शिपाईमामांचेसुद्धा मोबाइल तिच्यात जमा झाले. सभागृहात मागच्या बाजूला पाच चॅनेलांचे पाच कॅमेरे उभे होते, मधला बाबाचा. बाबानं सगळ्यांसमोर हाक मारून तिला पांढरा कागद धरायला लावलं. तीनशे मुलांदेखत ती हनुवटी वर करून उभी राहिली, आणि या वेळी चोराचा चेहरा केला नाही.

मग आवाज तपासायचा म्हणून कार्डवाल्यानं एकेकाला माइकवर आपापलं कार्ड वाचायला सांगितलं. तिनंही वाचलं. नुसतं वाचलं नाही, चांगलं नाट्य ओतून वाचलं, कारण हे काही खरं नव्हतं. वाचून होतंय तोच दिवेवाल्यानं मोठा दिवा तिच्या तोंडावर फिरवला, डोळे दिपले आणि घळाघळा पाणी आलं. बाबाच्या कॅमेऱ्याकडे बघत तिनं बाहीनं डोळे पुसले आणि जीभ काढली.

साहेब साडेअकराला आले. चेहरे सोन्यासारखे करणारं ऊन तोवर निघून गेलं होतं, म्हणून खिडक्यांना पिवळे कागद लावून झाले होते. पाच-सहा प्रश्न झाले. साहेब छान बोलायचे, हे कबूल करायला हवं. आजी, आंबट चिंचा, विटीदांडू, पहिलं फाटकं दप्तर, सगळं डोळ्यांसमोर उभं करायचे. मग हिची पाळी आली. कार्ड तिनं घडी घालून मुठीत ठेवलं. आवाज खणखणीत निघाला.

"साहेब, आमची शाळा सुट्टीनंतर बंद होणार आहे. पलीकडच्या शाळेत जायला आठपदरी रस्ता आहे आणि पूल नाही. माझी बहीण सात वर्षांची आहे. तिनं एकटीनं तो रस्ता कसा ओलांडायचा?"

कार्डवाला भिंतीशी उभा होता, त्यानं एक हात हळूच वर करून मूठ मिटली. तिला वाटलं, चिडला. तिनं बाबाकडे पाहिलं. बाबा कॅमेऱ्याला डोळा लावून तसाच उभा होता. तिला धीर आला.

साहेब खुर्चीतून उठले. दोन पावलं पुढे आले, छातीवर हात ठेवला आणि जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अहो वकीलसाहेब, कोण बंद करतंय तुमची शाळा? मी असेपर्यंत या शाळेला कुलूप लागणार नाही. आणि पूलही होणार. हा माझा शब्द."

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. मोठ्या बाईंनी पदरानं चष्मा पुसला. शिपाईमामांनी काठी बाकावर आपटली. आणि ही? ही घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. साहेबांनी आपल्याला वकीलसाहेब म्हटलं! आपल्याकडे बघूनच माणसाला ते कळतं, असा तिनं अर्थ काढला. खारूला तिनं वाटेत सांगून टाकलं की तुझा पूल मी बांधलाय, त्यावर थुंकायचं नाही.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर. आईसुद्धा या वेळी बघायला बसली. बातमी लागली आणि पडद्यावर थोरली दिसली. माइक हातात, चेहरा उजळलेला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं: साहेब, लहानपणी तुम्हाला कोणता खेळ आवडायचा? मग साहेबांची विटीदांडूची गोष्ट. मग पुन्हा ती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, बाहीनं पुसताना. खाली पट्टी सरकत होती, चिमुकलीला आनंदाश्रू अनावर. निवेदिकेचा आवाज दाटून आला होता. जीभ काढलेली कापून टाकली होती.

"चिमुकली?" खारू म्हणाली, "मी कुठेय?"

कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी पाचही चॅनेलं फिरवून पाहिली. सगळीकडे विटीदांडू. आई काहीच बोलली नाही, कांदासुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

बाबा घरी आला तो चेहरा पाडूनच. ऑफिसनं कापलं, म्हणाला. कापणारे वर बसतात, आपल्या हातात काय असतं, आपण नुसतं चित्र आणून द्यायचं. तिनं रात्रीच्या जेवणाला हात लावला नाही, पण राग ऑफिसवर होता. बाबाच्या वाकड्या खांद्याकडे बघून तिला उलट त्याचंच वाईट वाटलं. एवढं ओझं वाहायचं आणि लोकांनी त्याची अशी माती करायची. शिवाय एक होतं. ऑफिसनं कापलं म्हणजे कापण्याआधीचं कुठेतरी आहे. शब्द दिलाय, तो कुठेतरी साठवलेला आहे. या विचारावर ती महिनाभर जगली.

निवडणूक झाली, साहेब जिंकले, आणि शाळा बंद करण्याचा पक्का आदेश सहीशिक्क्यासह आला. मोठ्या बाईंनी साहेबांच्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं, शब्दाची आठवण करून दिली. उत्तर चार ओळींचं आलं. त्यांनी ते थोरलीला बोलावून वाचायला दिलं. कार्यक्रमाचे उपलब्ध चित्रण तपासले असता असे कोणतेही विधान आढळून आले नाही, असं त्यात होतं. तीनशे मुलांनी ऐकलंय की, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, मुलांनी ऐकलेलं धरत नाहीत, बाळ. तुझे वडील तिथे होते ना? त्यांच्याकडे मूळ चित्रण असेल तर बघ, आठ दिवसांत पाठवलं तर अजून काही होऊ शकेल.

ती धावतच घरी आली. बाबाची सुट्टी होती. तो खिडकीशी बसून मऊ फडक्यानं भिंग पुसत होता. तिनं पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. बाबानं पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. ते चित्रण आता नाही, तो म्हणाला, मेमरी कार्डं पुसून परत वापरतात. मग म्हणाला, असलं तरी ऑफिस देणार नाही. मग म्हणाला, नेमकी तेव्हा बॅटरी बदलत होतो बहुतेक.

एक कारण दिलं असतं तर तिनं मानलं असतं. बाबावर तिचा तेवढा विश्वास होता. पण तीन कारणं एकमेकांना लाथा मारत होती, आणि ती शेवटी वकील होती. बॅटऱ्या आदल्या दिवशी तिनंच भरल्या होत्या, तिन्ही. ती बाबाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तो क्षण तिनं मनात पुन्हा लावून पाहिला. माइक. रस्त्याचा प्रश्न. वर गेलेला हात, मिटलेली मूठ. कॅमेऱ्याला डोळा लावून उभा असलेला बाबा. तेव्हा तिनं बघितलं होतं, पण पाहिलं आत्ता.

"तुझा डावा डोळा मिटलेला होता," ती म्हणाली.

बाबाचं फडकं थांबलं.

त्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, तिला नंतर वाटलं. पण त्यानं भिंगावर झाकण लावलं आणि खाली बघत सगळं सांगितलं. पाचही जणांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. यादीबाहेरचं काही आलं की मूठ, मूठ दिसली की कॅमेरे बंद, फक्त डोळा लावून उभं राहायचं, म्हणजे मुलांना कळत नाही. जो चालू ठेवेल त्याच्या चॅनेलला पुन्हा बोलावणं नाही. साहेबांना मूठ दिसते, मग ते मोकळेपणानं बोलतात, काहीही कबूल करतात. तेवढ्यापुरतं सभागृह खूश होतं. नेहमीचंच आहे हे, बाबा म्हणाला, सतरा वर्षं बघतोय.

म्हणजे मूठ मिटल्यावर दिलेला शब्द. तिच्या कानात टाळ्या वाजत होत्या आणि आता त्या टाळ्यांचा आवाज किळसवाणा वाटत होता. दिव्यानं डोळ्यांत आलेलं पाणी बाबानंच कॅमेऱ्यात घेतलं होतं. माइक तपासताना वाचलेलं कार्डही बाबानंच. कापणाऱ्यांनी कापलं ते खरं, पण कापायला कापड कुणी दिलं होतं? आणि प्रश्न विचारताना तिनं धीरासाठी ज्याच्याकडे पाहिलं होतं, तो तिच्याकडे बघतच नव्हता. उजवा डोळा बंद कॅमेऱ्यात, डावा मिटलेला. सबंध सभागृहात तिला न बघणारा एकच माणूस होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिनं कदाचित आठ-दहा दिवसांत माफही केलं असतं. नोकरी, खांदा, सगळं तिला कळत होतं. पण एक गोष्ट टोचत होती, चपलेत शिरलेल्या खड्यासारखी.

"साहेबांनी मला वकीलसाहेब म्हटलं. त्या नावानं तू सोडून कुणी हाक मारत नाही, तीही घरातच."

बाबानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घाबरल्यासारखं काही दिसलं.

"अगं, तुझ्यासाठीच बोललो मी साहेबांच्या माणसाशी," तो म्हणाला. "आधी सांगितलं नसतं तर तुझ्या हातातून माइकच काढून घेतला असता. मी म्हटलं, पोरीला विचारू दे, तिचा हिरमोड नको, आमचा कॅमेरा मी बंद ठेवतो. तुला बोलायला मिळालं की नाही?"

बोलायला मिळालं होतं. अगदी छान मिळालं होतं, त्यांच्या यादीतल्या तेराव्या कार्डासारखं. छातीवरचा हात, ते थांबणं, ते अहो वकीलसाहेब, सगळं आधीच ठरलं होतं, आणि घरातलं लाडाचं नाव बाबानं त्यासाठी उसनं दिलं होतं. पुढचे कित्येक दिवस बाबानं त्या नावानं हाक मारली की ती ओ देत नसे. मग त्यानं मारायचंच सोडलं.

मोठ्या बाईंना तिनं एवढंच सांगितलं की चित्रण नाही. का नाही, ते तिनं सांगितलं नाही. बाईंनीही खोदून विचारलं नाही, तिच्या खांद्यावर जरा वेळ हात ठेवला. आठ दिवस उलटून गेले. सुट्टी संपली.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी ती आणि खारू आठपदरी रस्त्याशी उभ्या होत्या. दुपारसाठी तिनं शिपाईमामांना गळ घातली होती. नोकरी गेल्यावर ते रिकामेच होते, काठी घेऊन पलीकडे उभे राहायला तयार झाले. काठी दाखवली तर एखादा थांबतो, म्हणाले. सकाळची जबाबदारी तिची. ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येक ट्रकागणिक खारूचे केस उडून तोंडावर येत होते.

मागून बाबा आला. ऑफिसचा कॅमेरा नव्हता, स्वतःचा जुना, लहान होता. धापा टाकत म्हणाला, मी हे घेतो, सगळं घेतो, हा रस्ता, तुम्ही दोघी, ते भगदाड. दाखवतो कुठेतरी. कुठे, असं तिनं विचारलं. बाबानं नुसता कॅमेरा खांद्यावर चढवला, त्या खाली गेलेल्या खांद्यावर.

"पांढरं दाखव," तो सवयीनं म्हणाला, आणि म्हटल्यावर ओशाळला.

खारूनं मात्र उत्साहानं दप्तर उघडलं, नवीकोरी वही काढली आणि पहिलं पान हनुवटीखाली धरलं, ताईसारखंच, चोराचा चेहरा करून. थोरलीनं ती वही हळूच तिच्या हातातून काढली आणि दप्तरात परत ठेवली. खारूचा हात घट्ट धरला. मग एकदाच वळून पाहिलं. बाबाचा डावा डोळा सताड उघडा होता, आणि ओला.

ते तिनं पाहिलं, आणि मग उजवीकडे पाहिलं, कारण उजवीकडून टेम्पो येत होता.